इंग्रजी शब्दसंग्रह आणि लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे, शिकवणारे आणि परीक्षेच्या तयारीला लागलेले, सगळेच हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यातले बरेचसे 'किती शब्द?' याच्याभोवती फिरतात. माझा रोख मात्र 'त्यातले हाताशी किती?' याकडे आहे, आणि तो पुढच्या उत्तरांत जागोजागी डोकावेल.

शब्द जास्त येत असतील तर लेखन आपोआप सुधारतं का?

आपोआप नाही. शब्द कमी पडले तर लेखन नक्की अडतं, पण शब्द भरपूर आहेत म्हणून ते सुरळीत चालेलच असं नाही.

लिहिताना आपण एकाच वेळी बरंच काही सांभाळत असतो. मुद्दा कोणता, तो आधी घ्यायचा की नंतर, वाचणारा कोण, हे वाक्य संपणार कुठे? लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये लेखनप्रक्रियेचं एक प्रारूप मांडलं. त्यात आखणी, विचार शब्दांत उतरवणं आणि फेरतपासणी ही कामं एकामागून एक होत नाहीत. ती सतत एकमेकांच्या मध्ये येतात. परक्या भाषेत लिहिणाऱ्याची सगळी शक्ती शब्द शोधण्यातच खर्च झाली, तर बाकीची कामं बघायला कुणी उरत नाही. विस्कळीत निबंध लिहिणाऱ्याचा विचार विस्कळीत असतोच असं नाही. पुष्कळदा दर ओळीला अडून अडून त्याच्या हातून धागा सुटलेला असतो. म्हणून शब्दज्ञानाचा पहिला फायदा भाषा नटवण्याचा नाही, डोकं मोकळं होण्याचा आहे.

संशोधनात हा संबंध कितपत पक्का दिसतो?

बऱ्यापैकी पक्का. शेरिल एंगबर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्यांनी ठरावीक वेळात लिहिलेले ६६ निबंध होते. परीक्षकांचे गुण एका बाजूला आणि शब्दांची मोजदाद दुसऱ्या बाजूला ठेवली. चुकीचे वापरलेले शब्द वगळून उरलेल्यांतली विविधता मोजली, तेव्हा गुणांशी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात याचं माप: ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५७ निघाला. तीच विविधता चुकांसकट मोजली तर ०.४५. शब्दांच्या चुका आणि गुण यांचा संबंध उलटा, म्हणजे उणे ०.४३.

या आकड्यांमधली गंमत पहिल्या दोहोंतल्या फरकात आहे. वेगवेगळे शब्द वापरले याला गुण मिळतात, पण वेगवेगळे शब्द बरोबर वापरले याला जास्त मिळतात. आणि ०.५७ हा आकडा घसघशीत वाटला तरी त्याचा वर्ग होतो ०.३२. गुणांतल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग शब्दांशी जोडलेला, बाकीचा मांडणी, व्याकरण, आशय अशा इतर गोष्टींकडे. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जो भरपूर वाचतो त्याचे शब्द वाढतात आणि मांडणीही सुधारते. यात नेमकं कोणी कोणाला हात दिला हे एका आकड्यावरून सांगता येत नाही.

त्याच वर्षी बाटिया लाउफर आणि पॉल नेशन यांनी मोजण्याची वेगळी रीत मांडली. निबंधातले शब्द थरांत वाटायचे: सर्वाधिक वापरातले पहिले हजार, त्यानंतरचे हजार, विद्यापीठीय लेखनातले आणि बाकीचे. भाषेची पातळी वाढते तसा पहिल्या हजाराचा वाटा घटतो, असं त्यांना दिसलं.

वाचताना सगळं कळतं. लिहायला बसलं की तेच तेच चार शब्द येतात. असं का होतं?

या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द हे दोन वेगळे साठे आहेत. वाचताना शब्द समोर असतो, आजूबाजूचं वाक्य मदतीला असतं, आपल्याला फक्त ओळख पटवायची असते. लिहिताना समोर कोरी ओळ असते. अर्थ मनात आहे, त्यासाठी शब्द आपला आपण खेचून काढायचा, त्याचं रूप बसवायचं, स्पेलिंग आठवायचं, पुढे कोणतं शब्दयोगी येतं तेही बघायचं. हे काम कितीतरी जड आहे.

लाउफर यांनी १९९८ मध्ये शाळेतल्या दोन लागोपाठच्या इयत्तांची तुलना केली. वरच्या इयत्तेत ओळखीचे शब्द भरपूर वाढलेले दिसले. वाक्यात गाळलेली जागा भरायला सांगितली, तर तिथेही वाढ होती, जरा कमी. पण मुलांनी स्वतःच्या मनाने लिहिलेल्या निबंधात? तिथे काहीच फरक नव्हता. वर्षभराचं शिक्षण अंगाला लागलं, पण लेखणीपर्यंत पोचलंच नाही.

यामागे आळस नसतो, सावधपणा असतो. 'इम्पॉर्टंट' लिहिलं की चुकत नाही, हे अनुभवाने माहीत असतं. 'क्रूशल' लिहिलं तर चुकण्याची भीती. परीक्षेत चुकीला गुण कापले जातात, धाडसाला मिळतातच असं नाही. मग शहाणा विद्यार्थी 'गुड', 'बॅड', 'थिंग', 'व्हेरी', 'गेट' यांच्याच सावलीत राहतो. नॉर्वेतल्या आंगेला हासेलग्रेन यांनी १९९४ मध्ये अशा शब्दांना चक्क टेडी बेअर म्हटलं होतं: प्रगत विद्यार्थीसुद्धा लहानपणी शिकलेले शब्द उराशी धरून बसतात. वह्या तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे चित्र लगेच पटेल.

उपाय एकच, आणि तो काहीसा कंटाळवाणा आहे. शब्द वापरायला भाग पाडणारं काम हवं. 'या विषयावर लिहा' एवढं पुरत नाही. 'या विषयावर लिहा आणि त्यात या सहांपैकी चार शब्द आले पाहिजेत' असं सांगितलं की ओळखीचा शब्द वापरात उतरायला सुरुवात होते. पहिल्या दोनतीन वेळा तो शब्द वाक्यात बळेच कोंबल्यासारखा दिसतो. दिसू द्यावा.

शब्द 'येतो' म्हणजे नेमकं काय येतं?

पॉल नेशन यांच्या मांडणीत याचे तीन भाग आहेत: रूप, अर्थ आणि वापर. रूपात उच्चार, स्पेलिंग, शब्दाचे घटक. अर्थात मूळ संकल्पना, तिच्या छटा, जवळचे शब्द. वापरात तो वाक्यात कसा बसतो, कोणत्या शब्दांबरोबर येतो, कुठे शोभतो आणि कुठे नाही. प्रत्येकाची ओळखण्याची एक बाजू आणि वापरण्याची दुसरी.

आपल्याकडे 'शब्द पाठ' म्हणजे बहुधा स्पेलिंग आणि एक मराठी अर्थ. म्हणजे बाकी सगळं कोरंच. 'सक्सेस' म्हणजे यश हे पाठ आहे, म्हणून 'आय वॉन्ट टु सक्सेस' असं लिहिलं जातं. 'सक्सीड', 'सक्सेस', 'सक्सेसफुल', 'सक्सेसफुली' या चार भावंडांपैकी एकाचीच ओळख झालेली असते. नॉर्बर्ट श्मिट आणि शेरिल झिमरमन यांनी २००२ मध्ये नेमकं हेच तपासलं. चांगलं इंग्रजी येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही एका शब्दाची नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण ही चारही रूपं क्वचितच येत होती.

मग लिहिण्यासाठी किती शब्द लागतात?

वाचनासाठी आकडा सांगता येतो. नेशन यांनी २००६ मध्ये काढलेल्या हिशोबानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाशिवाय वाचायला, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असायला, सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची जवळची रूपं.

लेखनाचं गणित वेगळं आहे, कारण कोणते शब्द वापरायचे हे लिहिणारा ठरवतो. १९७८ मध्ये आलेल्या लाँगमनच्या विद्यार्थी कोशात सगळ्या व्याख्या सुमारे २,००० साध्या शब्दांत लिहिलेल्या होत्या. म्हणजे दोन हजार शब्द खरोखर हुकमी असतील, तर इंग्रजीतली बहुतेक कुठलीही कल्पना समजावून सांगता येते. रुक्ष वाटेल, पण सांगता येते.

महाविद्यालयीन लेखनासाठी त्यात एक भर हवी. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या यादीत ५७० शब्दकुटुंबं आहेत: 'ॲनलाइझ', 'सिग्निफिकंट', 'फॅक्टर', 'इंडिकेट' अशी. विद्यापीठीय मजकुराचा सुमारे १० टक्के भाग ती व्यापतात, तर कथा-कादंबऱ्यांत जेमतेम १.४ टक्के. तेव्हा गोष्ट लिहायची असेल तर ही यादी बाजूला ठेवलेली बरी. प्रबंध लिहायचा असेल तर तिच्याइतकं स्वस्त भांडवल दुसरं नाही.

अवघड शब्द वापरले की लेखन भारदस्त होतं ना?

नाही. उलट शंका येते. डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगांत मजकूर मुद्दाम लांबलचक शब्दांनी भरला, तेव्हा वाचणाऱ्यांनी लिहिणाऱ्याला कमी हुशार ठरवलं. या कामाला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणारं पारितोषिक.

एक वाक्य जवळून बघू. विद्यार्थ्याने लिहिलं:

'मोबाइल डज मेनी बॅड थिंग्ज टु चिल्ड्रन.'

भारदस्त करायचं म्हणून समानार्थी कोश उघडला:

'सेल्युलर डिव्हायसेस पर्पेट्रेट मल्टिट्यूडिनस निफेरिअस थिंग्ज टु चिल्ड्रन.'

आणि आता हे:

'टू मच स्क्रीन टाइम कॅन हार्म चिल्ड्रन्स स्लीप.'

तिसऱ्या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. तरी ते पहिल्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे. 'बॅड थिंग्ज'च्या जागी 'हार्म' आला, नुकसान कशाचं ते 'स्लीप'ने सांगितलं, 'टू मच'ने मर्यादा घातली आणि 'कॅन'ने दावा झेपेल इतकाच ठेवला. शब्द नेमका झाला तसा विचारही नेमका झाला. दुसऱ्या वाक्यात शब्द बदलले, विचार होता तिथेच राहिला. 'थिंग्ज' तर हललासुद्धा नाही.

शब्दांच्या जोड्यांचं एवढं का सांगतात?

कारण मराठीतही आपण तेच करतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. गप्पा मारतो, थाप मारतो, पैज लावतो, हट्ट धरतो, शपथ घेतो. 'हट्ट लावला' किंवा 'पैज धरली' म्हटलं तर अर्थ पोचेल, पण ऐकणारा थबकेल. इंग्रजी वाचणारा आपल्या लेखनात असाच थबकतो.

मराठीचा 'करणे' फार मोठ्या मनाचा आहे. इंग्रजीत त्याचं काम 'डू' आणि 'मेक' वाटून घेतात. म्हणून 'डू अ मिस्टेक', 'डू ॲन एफर्ट' असं लिहिलं जातं, जिथे 'मेक' हवा. स्वप्न पाहतो म्हणून 'सी अ ड्रीम'. इंग्रजीत ते 'हॅव' करतात. लक्ष देतो म्हणून 'गिव्ह अटेन्शन'. तिथे 'पे' जास्त रूढ. 'टेक अ डिसिजन' मात्र चूक नाही, ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं. त्यावर लाल रेघ मारणाऱ्यांनी जरा थांबावं.

या चुका व्याकरणाच्या नियमात सापडत नाहीत, त्यामुळे व्याकरणाचं पुस्तक कितीही घोटलं तरी जात नाहीत. जोडी एकत्रच शिकावी लागते. शंका आली तर शब्दांच्या जोड्यांचा कोश बघावा, किंवा 'कोका' नावाने ओळखला जाणारा, एक अब्जाहून अधिक शब्दांचा अमेरिकन इंग्रजीचा साठा इंटरनेटवर आहे, तिथे शोध घ्यावा.

व्याकरण आधी की शब्द आधी?

भांडण खोटं आहे. 'डिस्कस' या शब्दापुढे 'अबाउट' येत नाही, 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन होत नाही: हे व्याकरण की शब्दज्ञान? दोन्ही. शब्द नीट शिकला की त्याचं व्याकरण त्याच्याबरोबर येतं. अगदीच निवड करायची झाली तर सुरुवातीला मी शब्दांना झुकतं माप देईन. तुटक व्याकरणातून अर्थ निघतो. शब्दच नसेल तर निघायला काही उरत नाही.

आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करावं का?

मुद्दे मराठीत टिपायला काहीच हरकत नाही. पूर्ण वाक्यं मात्र टिपू नयेत. मराठीत आपला शब्दसंग्रह प्रौढ असतो, तिथे चार मजली वाक्य सहज उभं राहतं, आणि मग ते इंग्रजीत न्यायला शब्द पुरत नाहीत. 'व्यायामाचे फायदे: झोप, मन, वजन' एवढं टिपण पुरे.

शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात का?

कराव्यात. याद्यांना उगाच नाक मुरडलं जातं. थोड्या वेळात पुष्कळ शब्दांची तोंडओळख करून घ्यायला यादी किंवा चिठ्ठ्या उत्तम. तीन पथ्यं पाळावीत.

एक, उजळणी अंतर ठेवून करावी. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने. विसरणं किती झपाट्याने होतं हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

दुसरं पथ्य अनेकांना चमत्कारिक वाटतं: सारख्या अर्थाचे नवे शब्द एकत्र पाठ करू नयेत. पाठ्यपुस्तकं सगळ्या भावना, सगळे रंग, सगळी विरुद्धार्थी जोडपी एकदम देतात. पण एकाच गटातले नवे शब्द एकत्र घेतले की ते एकमेकांत मिसळतात, असं थॉमस टिंकम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत दिसलं. 'लेंड' आणि 'बॉरो' एकाच दिवशी शिकलेला माणूस पुढे कित्येक वर्षं दोघांत गोंधळतो.

तिसरं म्हणजे यादीतला शब्द आठवड्याच्या आत स्वतःच्या वाक्यात उतरला पाहिजे. नाहीतर तो ओळखीच्या साठ्यात जाऊन पडतो.

नुसतं भरपूर वाचलं तर चालणार नाही?

वाचनाशिवाय चालणार नाही, नुसत्या वाचनाने भागणार नाही. वाचताना शब्दाची संगत दिसते, आणि ते दुसरीकडे कुठेच इतकं स्वस्तात मिळत नाही. पण एकदोनदा भेटलेला शब्द टिकत नाही. स्टुअर्ट वेब यांच्या २००७ च्या प्रयोगात दहा वेळा भेटूनही शब्दाचं सगळं अंग शिकून झालेलं नव्हतं. आणि गोष्टीत रंगलेला वाचक शब्दाकडे बघतच नाही, बघूही नये. यान हुल्स्टाइन आणि लाउफर यांनी २००१ मध्ये तीन कामांची तुलना केली: उतारा वाचणं, उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरणं आणि तेच शब्द वापरून स्वतः मजकूर लिहिणं. शब्द सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते लिहिणाऱ्यांच्या. म्हणजे शब्दांमुळे लेखन सुधारतं तसे लेखनामुळे शब्दही पक्के होतात. ही दुसरी दिशा आपल्या वर्गांत फारच दुर्लक्षित आहे.

वहीत शब्द कसा लिहावा?

'रिड्यूस: कमी करणे' असा लिहू नये. असा लिहावा:

रिड्यूस द रिस्क, रिड्यूस कॉस्ट्स, अ रिडक्शन इन पोल्यूशन (नामानंतर 'इन' आलं, इकडे लक्ष). खाली स्वतःचं एक वाक्य, शक्यतो खरं असलेलं. मराठी अर्थ कोपऱ्यात बारीक अक्षरांत, हवाच असेल तर.

एका पानावर फार तर चार शब्द. वही लवकर संपते, संपू द्या.

द्विभाषिक कोश वापरणं वाईट का?

मुळीच नाही. अर्थ झटकन कळायला मराठी शब्दासारखा दुसरा उपाय नाही. लिहिताना मात्र मराठीवरून इंग्रजी शब्द काढला, तर तो एकदा विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात उघडून उदाहरणाची वाक्यं वाचावीत.

भाषांतराचं ॲप किंवा लिहून देणारं यंत्र आहे, मग शब्द कशाला शिकायचे?

यंत्राने तीन पर्याय दिले तर त्यातला योग्य कोणता, हे ठरवायला शब्दज्ञानच लागतं. आधी स्वतः लिहून मग यंत्राची दुरुस्ती ओळीओळीने ताडून पाहिली, तर शिकणं होतं. आधीच त्याच्याकडून लिहून घेतलं तर शब्द खेचून काढण्याची कसरत, जी खरी शिकवते, तीच टळते.

परीक्षेत शब्दसंग्रहाला वेगळे गुण असतात का?

परदेशी शिक्षणासाठी वगैरे द्यावी लागणाऱ्या आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेच्या लेखनात चार निकष आहेत आणि शब्दसंपदा हा त्यातला एक, २५ टक्क्यांचा. व्याकरणाचा वाटाही तेवढाच. सातव्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, वर्णनात कमी वापरातले शब्द येतात हे खरं, पण त्याच वर्णनात शैलीची आणि शब्दांच्या संगतीची जाण असावी असंही म्हटलंय. पाठ केलेले नक्षीदार शब्द पेरणारे वर्णनाचा पहिला भागच वाचतात.

एकच शब्द दोनदा आला तर चूक का?

नाही. 'गव्हर्न्मेंट' हा विषय असेल तर तो शब्द दहा वेळा येईल. दरवेळी नवा शब्द शोधला की वाचणाऱ्याला वाटतं, आता वेगळ्याच कशाबद्दल बोलणं सुरू झालं. विषयाचा शब्द स्थिर ठेवावा. बदलायचाच तर 'व्हेरी' आणि 'गुड' बदलावेत.

स्पेलिंगचं काय?

स्पेलिंग अडलं की पुष्कळजण येत असलेला शब्द टाळतात, एवढ्यासाठी ते महत्त्वाचं. पहिल्या खर्ड्यात चुकीचं स्पेलिंग खुशाल लिहावं आणि खाली रेघ मारून पुढे जावं.

शिक्षकांनी शब्दांच्या चुका कशा दाखवाव्यात?

सगळ्या एकदम नाही. चुकीच्या शब्दावर काट मारून वर बरोबर शब्द लिहिला की विद्यार्थी तो बघतो आणि पान उलटतो. नुसती रेघ मारून 'जोडी बघ' एवढंच लिहिलं तर त्याला शोधावं लागतं. आणि अवघड शब्द धाडसाने वापरून चुकला असेल, तर त्या चुकीला सोप्या शब्दाच्या चुकीइतके गुण कापू नयेत. नाहीतर पुढच्या निबंधात परत 'गुड' आणि 'थिंग'.

आपली प्रगती आपणच कशी मोजायची?

सारख्याच प्रकारचा विषय, सारखाच वेळ, सारखीच लांबी ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी एक निबंध लिहून ठेवा. टॉम कॉब यांच्या लेक्सट्यूटर या संकेतस्थळावर मजकूर टाकला की त्यातले शब्द हजार-हजारच्या थरांत वाटून मिळतात. लांबी सारखी ठेवायचं कारण असं की मजकूर वाढला की शब्द पुन्हा पुन्हा येणारच, आणि वेगळे शब्द भागिले एकूण शब्द हे गुणोत्तर आपोआप घसरतं. दोनशे शब्दांच्या निबंधाशी पाचशेची तुलना केली तर प्रगती करूनही अधोगती दिसेल. विषयही सांभाळा: अंतराळावर लिहिलं की विरळ शब्द फुकट मिळतात, सुट्टीवर लिहिलं की मिळत नाहीत. यंत्र चूक-बरोबर ओळखत नाही, त्यामुळे आकडे बघून झाले की दोन्ही निबंध शेजारी ठेवून एखाद्या जाणत्याकडून चुकीचे शब्द मोजून घ्या आणि ती संख्या वहीत आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.